गुरुजींची ट्यूब

रंगनाथ गुरुजी सोनपेठकडच्या एका गावात पोरांना गोदावरीत पोहायला शिकवायचे. त्यासाठी आणलेल्या ट्रकच्या जुन्या ट्यूबवर त्यांनी पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहिलं होतं. शहात्तर सालच्या श्रावणात एका दुपारी दोरी सुटली आणि ट्यूब धारेला लागली.

रिकामी ट्यूब खाली कुणाला दिसली, तर लोक आपल्याला शोधायला पुरात उतरतील, या धास्तीनं गुरुजी सायकल काढून खालच्या गावी निघाले.

तिथं शोध सुरूही झाला होता. ट्यूब काठावर ओढून ठेवली होती. किशनराव नावाडी भर धारेत नाव घालून हाका मारत होता.

गुरुजी ओरडले, "किशनराव, मी हितं हाय! नुसती ट्यूब वाहून आलीय. माघारी या!"

किशनरावनं वळून पाहिलं. त्याच्या हातातलं वल्हं थांबलं.

"गुरुजी, तुमी काठावर? मग मघापासून पाण्यातून ओ कोण द्यायलाय?"

काठावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. ती ओ सगळ्यांनीच ऐकली होती.

खात्री करायला किशनरावनं पुन्हा हाक मारली, "गुरुजीऽऽ!"

गुरुजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच नावेच्या बुडाखालून, त्यांच्याच आवाजात, ओ आली.