पन्नास ग्रॅम

वेटलिफ्टिंगच्या अठ्ठेचाळीस किलो गटात बसावी म्हणून विधातेसरांनी सुवर्णाला कालपासून पाण्याचा थेंब घेऊ दिला नव्हता. पहाटे दोन स्वेटर चढवून इंदिरानगरच्या ट्रॅकवर पळवली, तेव्हा कुठे घरच्या काट्यावर बरोब्बर अठ्ठेचाळीस भरली. लगेच लूनावर बसवून स्पर्धेला आणली.

आणि इथल्या काट्यावर पन्नास ग्रॅम जास्त!

वजन द्यायची वेळ संपायला दहाच मिनिटं उरली. सरांचा पाय एका जागी ठरेना.

"वर्षभराची मेहनत मातीत घातलीस! खरं सांग, काय खाल्लंस?"

सुवर्णानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

 

"बाबा, निघताना देवापुढं उभं करून तुम्हीच हातावर दहीसाखर ठेवलीत ना!"