शेजारची घडी

“हा बघ, आणखी एक!” घडीमास्तरांनी चळतीतून शर्ट उपसून टेबलावर आपटला. कॉलर आत दडपलेली, बाह्या बाहेर लोंबत्या. जणू कुणी मुंडकं छातीत खुपसून बसलंय.

लेकीनं गुपचूप इस्त्रीचं बटण बंद केलं. तापलेली इस्त्री ते सकाळपासून दुसऱ्यांदा विसरले होते.

“सोमवारी एकच होता. मंगळवारी त्याच्या वरचा आणि खालचा. आज अख्खी चळत नासली! चाळीस वर्षं लाँड्री चालवतोय, पोरी. लोक मला उगाच नाही घडीमास्तर म्हणत. दुकानात काहीतरी शिरलंय.”

आता शर्टांना काही अक्कल नसते, की एकानं दुसऱ्याला बिघडवावं. तरी लेकीच्या अंगावर काटा आला. मेलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप भिंगाखाली बघणं हे तिचं रोजचं काम.

“अण्णा, पेशीतल्या प्रथिनांनाही घडी असते. एखाद्याची चुकते. मग ते शेजारच्यालाही आपल्यासारखं करून सोडतं. ढीग साचत जातो, पेशी गुदमरून मरते. आणि माणूस…”

“ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या!” अण्णा खो खो हसले. “पाठव त्यांना माझ्याकडे. एका दिवसात सुतासारखी सरळ करतो.”

“मग घाला बघू एक घडी. माझ्यासमोर.”

त्यांनी शर्ट झटकला, पालथा टाकला. हात असे चालले की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. वर एक चापट मारून ऐटीत तिच्यापुढे सरकवला. मग स्वतः खाली पाहिलं.

कॉलर आत. बाह्या बाहेर.

“आत्ता सरळ घातली होती,” ते पुटपुटले. “तू बघत होतीस ना? आपोआप उलटली ती… की माझंच काही बिघडलंय?”

तिनं सगळं बघितलं होतं. कॉलर त्यांच्याच अंगठ्यानं आत लोटली होती. पण अण्णांची हनुवटी थरथरायला लागली होती. डॉक्टरांचं उद्या बघू, तिनं ठरवलं. आजचा दिवस तरी निभू दे. तिनं एक शर्ट ओढला, मुद्दाम कॉलर आत सारली, बाह्या बाहेर सोडल्या.

“अगंबाई! अण्णा, माझीही उलटली की!”

“बघ! म्हणजे मी नव्हे!” मास्तरांचा जीव भांड्यात पडला. “आणि तुझं लहानपणापासून लक्षच नसतं मेलं. हा घे दुसरा. शिकवली होती तशी घाल, मन लावून.”

तिनं खरोखर मन लावलं. कॉलर वर. बाह्या पाठीमागे. खालचा भाग दुमडून वर. एकेक पायरी मनात म्हणत तिनं घडी पुरी केली, चापट मारली आणि हसत खाली पाहिलं.

कॉलर आत होती.