आईचा व्हायवा

आई डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. नोकरी, घर आणि मला सांभाळून तिने सहा वर्षं मॅनेजमेंटची पीएचडी केली, आणि विषय काय, तर कंपन्यांमधल्या भेटवस्तू आणि लाच! व्हायवाच्या आदल्या दिवशी तिच्या गाईड मॅडमचा फोन आला. "अगं, परीक्षा घ्यायला बाहेरून सर येतायत ना, त्यांच्या मिसेसना पैठणी आवडते. अंजिरी रंगात बघ. शेवटी सही त्यांचीच लागते बाई."

माझी जाम सटकली. "आई, तू देणार नाहीयेस हां!"

"गप्प बस. एवढी वर्षं घातलीयेत मी," आई म्हणाली. आणि आज ठाण्याच्या कॉलेजात शिरल्या शिरल्या तिने पैठणीची पिशवी सरांपुढे केली. "अहो, कशाला उगाच!" म्हणत सरांनी ती घेतली आणि लगेच ड्रायव्हरकडे गाडीत ठेवायला दिली. हद्द आहे ना!

आईने सगळ्या प्रश्नांची फाडफाड उत्तरं दिली. सर खूश होऊन हॉलकडे बघत म्हणाले, "ओपन व्हायवा आहे, कुणीही विचारा."

गाईड मॅडमनी डोळे वटारले, तरी मी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच उभी राहिले. "भेट कुठली आणि लाच कुठली, हे ओळखायचं कसं?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.



"भेट देताना भीती वाटत नाही. सकाळी तुम्हाला देताना मला वाटत होती, सर."