काळा मार्कर

मी एका कंपनीत लोकांना खासगी माहिती कशी जपावी ते शिकवतो. घरीही तोच खाक्या. पार्सलचा रिकामा खोका रद्दीत द्यायच्या आधी त्यावरचं नाव, पत्ता, फोन काळ्या मार्करने खोडायचा. शेजारच्या सुनंदाअक्का हसतात, "जरा जास्तच करता हं तुम्ही!"

घटस्फोटात लेकीचा ताबा मला मिळाला. तिची आई बेफिकीर आहे हे कोर्टाला पटवायला मी अर्जात सगळं लिहिलं होतं. लेकीचं नाव, शाळा, इयत्ता आणि नऊ वर्षांची झाली तरी ती अंथरूण ओलं करते, हेसुद्धा. निकालपत्रात ते माझ्या नावानिशी जसंच्या तसं आलं, तेव्हा आपण किती मुद्देसूद लिहितो याचं मला कौतुकच वाटलं होतं.

काल अन्विता शाळेतून त्याच निकालाचा कागद घेऊन आली. वर्गातल्या एकीला तो इंटरनेटवर सापडला होता.

"बाबा, तुझा मार्कर दे."

मी दिला. लेक आपल्याकडून काहीतरी शिकली म्हणून क्षणभर बरंही वाटलं. तिने स्वतःचं नाव तसंच ठेवलं आणि माझं खोडलं.

"अगं, माझं कशाला?"

"अंथरुणाचं सगळ्यांना कळलंय," मार्करचं टोपण लावत ती म्हणाली. "पण मी त्यांना सांगितलंय, माझे बाबा असं कधीच कुणाला सांगणार नाहीत."