पाचवं चाक

तारापूरच्या अणुकेंद्राच्या कामावरचा गोरा साहेब मायदेशी जाताना आपली आत बिछाना नि शेगडी असलेली गाडी काशीबाईला देऊन गेला. तीन वर्षं त्यानं तिच्याच पाटीतलं पापलेट खाल्लं होतं. त्या गाडीनं त्र्यंबकेश्वरला जायचं ठरलं. टायर पार गुळगुळीत झाले होते, म्हणून ती नवऱ्याला, रामूला घेऊन बोईसरच्या टायरवाल्याकडे गेली.

टायरवाल्यानं चार काळेभोर, चकचकीत टायर पुढे केले. काशीबाईनं माशाचे कल्ले बघावेत तशी एकाची कड बोटांनी फाकवली. आत भेगाच भेगा.

"शिळा माल हाय. वरून रंग फासलाय," ती म्हणाली. टायरवाल्यानं आतले ताजे चार काढले.

"स्टेपनी बी याच मापाची दे. जुनी लहान मोटारीची हाय, घाटात काय कामाची?"

रामू वैतागला. "सोळा वर्सं ट्रक चालवतो मी. माज्यावर भरवसा नाय तुजा?"

"हाय ना," काशीबाई म्हणाली. "भरवशावरच लगीन केलं तुज्याशी. तवा स्टेपनी मागायची अक्कल नव्हती."