पूर्वेचं दार

तोरगिन तिसऱ्यांदा त्याच निळ्या खांबापाशी येऊन उभी राहिली. हिवाळी खेळांसाठी अल्माटीत बांधलेल्या या क्रीडासंकुलाला बारा दारं होती, बाराही सारखीच. उद्घाटनाची तालीम संपून तास होत आला होता. पांढऱ्या कोटातली दोनशे मुलं बाहेर पडली, त्यांत सहा वर्षांची मेरुयेर्त नव्हती. तोरगिननं एकीला खांदा धरून वळवलं. भलतीच निघाली.

"पूर्वेच्या दारी बघ," झाडूवाला म्हणाला. "चुकलेली पोरं तिथं बसवतात."

"पूर्व कुठली?"

"ते बांधणाऱ्यालाच विचार बाई! मी रोज चुकतो."

दोन दारं चुकून ती पोचली. मेरुयेर्त बाकावर बसली होती. डोळे सुजलेले, एकच हातमोजा.

"वहिनी!" ती झेपावली.

टेबलामागच्या बाईनं तिला मधेच अडवलं. गळ्यातल्या बिल्ल्यावर झानार असं नाव होतं.

"तुम्ही कोण?"

"वहिनी. तिच्या थोरल्या भावाची बायको."

"वहिनीकडे देता येत नाही. सकाळी असाच एक 'काका' आला होता, पोरगी त्याला ओळखेना. आई नाहीतर बाप हवा."

"आईचे गुडघे दुखतात," मेरुयेर्त म्हणाली. "ती पिठाचे बाऊरसाक तळतेय."

"आणि बाबा?"

"ते टीव्हीपुढे घोरतात."

तोरगिननं घरी फोन लावला, तो वाजत राहिला. कुणी उचलला नाही. तोरगिनचा हात पिशवीत गेला, घडी घातलेल्या कागदाला लागला आणि रिकामाच बाहेर आला.

"माझा नाइलाज आहे," झानार म्हणाली. "सातला दारं बंद होतात. मग पोरीला चौकीत पाठवावं लागतं."

"चौकीत?" मेरुयेर्तनं विचारलं. "वहिनी, मी काय केलं?"

तोरगिन पोरीकडे पाठ करून उभी राहिली. कागद टेबलावर ठेवला, वर आपलं ओळखपत्र.

"मोठ्यानं वाचू नका," ती पुटपुटली.

झानारनं जन्मदाखला उलगडला. ओळखपत्र शेजारी धरलं. पुन्हा दाखला पाहिला. 'आई' या रकान्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच होतं.

"पहिलं मूल?" तिनं अगदी हळू विचारलं.

"पहिलंच. पहिलं नातवंड आजीचं, ही आपली कझाक रीत; सासूबाईंनी लेक म्हणून वाढवायला मागून घेतली."

झानारनं दाखल्याची घडी घालून तो परत दिला.

"जा गं पोरी," ती मोठ्यानं म्हणाली, "वहिनीचा हात घट्ट धर."