एका वाक्याचा खटला

"तक्रार मागे घ्या, तुमचं ॲप उद्या सकाळी स्टोअरवर परत दिसेल," दिल्लीत स्पर्धा आयोगापुढची सुनावणी संपल्यावर ॲप स्टोअर चालवणाऱ्या कंपनीचे वकील जिन्यात नसीमला म्हणाले.

नसीम सतारमेकर मिरजेची. वडिलांनी घडवलेल्या तानपुऱ्यांचे सूर रेकॉर्ड करून तिने गाणाऱ्यांसाठी रियाजाचं ॲप बनवलं होतं. वर्गणीच्या दर शंभर रुपयांतले तीस ॲप स्टोअर कापून घ्यायचं. 'आमच्या वेबसाइटवर पैसे भरलेत तर वर्गणी स्वस्त पडेल,' एवढं एक वाक्य तिने ॲपमध्ये टाकलं आणि 'ॲपमध्ये बाहेरची स्वस्त वाट दाखवायची नाही' या नियमावर बोट ठेवून कंपनीने ॲपच काढून टाकलं. त्याला आता चार महिने झाले होते. घर शिकवण्यांवर चाललं होतं. होकार अगदी तिच्या ओठांवर आला.

"आणि तो नियम?" तिने विचारलं.

"नियम सगळ्यांना आहे. तुमच्यापुरती सवलत देऊ."

नसीमने फाइल काखेत मारली. "मग राहू द्या. तुमच्या दुकानाचं भाडं मी देईन. पण माझ्या गिऱ्हाइकाला स्वस्त वाट दाखवायला तुमची परवानगी लागू नये. मलाही नाही, दुसऱ्या कुणालाही नाही."

आठ महिन्यांनी आयोगाने तो नियम सगळ्यांसाठीच रद्द केला. दुपारी त्याच वकिलांचा फोन आला.

"आम्ही अपिलात जातोय, मॅडम."

"जावा की," नसीम म्हणाली. "तारीख तेवढी आधी कळवा. दिल्लीचा रस्ता आता पाठ झालाय मला."